मधली दोरी

बाहेरची

सेक्रेटरी : ...आणि ही तिसरी नोटीस, मावशी. कॉलनीच्या नियमाने तिसरीनंतर भाडेकरार रद्द. महिन्याभरात घर सोडावं लागेल.

सासू : मागच्या अंगणात जाऊन मातीला हात लावून या जरा.

सेक्रेटरी : पाहिलंय. ओली असते.

सासू : सहा झाडं आहेत तिथे. टॉवेल दोन दिवस वाळत नाही. ऊन फक्त पुढे पडतं, म्हणून दोरी पुढे.

सेक्रेटरी : लोक ही हिरवाई बघून इथे राहायला येतात. त्यांना तुमच्या चादरी कशाला बघायच्यात?

सासू : मग झाडं बघावीत. झाडं काय कमी आहेत?

सून : आई, जाऊ दे ना. काढू या दोरी.

सासू : तू थांब गं. हं, वाचा काय लिहिलंय ते.

सेक्रेटरी : ‘घरासमोर चादरी, टॉवेल आणि आतले कपडे उघड्यावर टांगलेले असतात.’

सासू : आतले कपडे. बरं. फाटकाबाहेर उभे राहा आणि काय दिसतं ते सांगा.

(सेक्रेटरी बाहेर जाऊन परत येतो.)

सेक्रेटरी : चादरी. नुसत्या चादरी.

सासू : एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढलीत मी. दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांवर चादरी, आतलं सगळं मधल्या दोरीवर. रस्त्यावरून दिसत नाही, शेजारून दिसत नाही. कोणी लिहिलं हे?

सेक्रेटरी : निनावी आहे. तक्रारपेटीत टाकलेलं. दोरी न काढता नोटीस रद्द व्हायची, तर लिहिणाऱ्याने स्वतः सही करून तक्रार मागे घ्यायला हवी. आणि ते नाव महिनाभर फलकावर लागतं. असं कोण करणार? पाच वाजता येतो. तोवर दोरी काढा.

मधली

सासू : स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र दिसते मधली दोरी.

(सून डोळे पुसते.)

सासू : कांदा तर चिरत नाहीयेस. डोळे कशाला पुसतेस?

सून : पहिल्या दोन नोटिसा कॉलनीवाल्यांच्याच होत्या, आई. तिसरीमागची तक्रार माझी. वाटलं, आता तरी तुम्ही घाबरून दोरी काढाल.

सासू : लाँड्रीतल्या मुकादमाने मला तीनदा कामावरून काढलं होतं. तिन्ही वेळा मी पाळी पुरी करूनच घरी गेले.

सून : फिरायला येणाऱ्या बायका आपल्या घराला ‘लाँड्री’ म्हणतात. तोंडावर.

सासू : मग तू काय म्हणतेस?

सून : हसते.

सासू : त्यांना काय माहीत. हलतासुद्धा न येणारी माणसं असायची आमच्याकडे. उन्हात वाळलेली चादर अंगाखाली आली की त्यांचा डोळा लागायचा. डोळ्यांनी पाहिलंय मी. दोरी काढणार नाही. तुझं नावही सांगणार नाही.

सून : घर जाईल.

सासू : जाईल. दोरी बांधायला दोन खांब कुठेही मिळतात.

सून : मला काही बोलत का नाही तुम्ही?

सासू : लाजेपायी ऑफिसचे शर्ट न्हाणीघरात वाळवतेस. सहा महिने कुबट वास अंगावर घेऊन फिरतेस. तेवढी शिक्षा बास झाली.

पुन्हा बाहेरची

सेक्रेटरी : पाच वाजले. दोरी तिथेच आहे.

सून : आहे. तक्रार मागे घ्यायचा कागद द्या.

सेक्रेटरी : तो ज्याने लिहिलं त्यानेच...

सून : पेन आहे माझ्याकडे.

सेक्रेटरी : वहिनी? अहो, सगळी कॉलनी वाचेल. महिनाभर.

सून : मोठ्या अक्षरात लावा. बऱ्याच जणींना चष्मा आहे.

सासू : अगं, नीट विचार कर.

सून : केला. ही बादली धरा, आई. माझे शर्ट आहेत.

सासू : मधल्या दोरीवर जागा आहे बघ.

सून : नको. फाटकाकडच्या.

सासू : मग दोन दोन चिमटे लाव. त्या बाजूला वारा असतो.