त्र्यंबकरावांनी म्हशीची माफी मागितली

हरी हरी! बसा मंडळी, बसा. मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पुढे जागा आहे आणि मागे पंखा नाही!

आज प्रश्न एकच. माणूस मोठा होतो तो काय सोडल्याने? कुणी मांस सोडतो, कुणी दूध, कुणी तूप. छान! पण सोडल्यावर 'मी सोडलं, मी सोडलं' हे जे मागे उरतं, ते कुठे टाकायचं? त्याला ना डबा, ना घंटागाडी!

टाकिले ते टाकून द्यावे । डोईवर कां मिरवावे ।।

ओळ माझीच आहे हो, उगाच संतांना बोल लावू नका!

तर मंडळी, ऐका. लांज्याजवळ एक गाव. तिथे त्र्यंबकराव फणसळकर नावाचे निवृत्त तलाठी आणि त्यांची पत्नी शालिनीकाकू. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्र्यंबकराव शेजारच्या बाळू शिगवणाच्या गोठ्यापुढून चालले होते. धारेची वेळ. रेडकू दाव्याला हिसके देतंय, म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघतेय आणि बाळू चरवी भरतोय! त्र्यंबकराव थबकले. डोळे भरून आले. 'हे दूध त्या लेकराचं. आजपासून माझं नाही!' घरी आले, दूध बंद. दही, ताक, लोणी, तूप — सगळं बंद! चहासुद्धा कोरा!

इथवर हसायचं नाही मंडळी. दया आली आणि तिच्यापायी माणसाने जिभेचं सुख सोडलं. मी इथूनच हात जोडतो.

पण पुढे! बारशाला गेले. पेढा समोर आला — पाऊण तास भाषण! बाळ रडून रडून झोपलं, पाहुणे न रडता झोपले. पूजेला गेले, तर शिऱ्याचा द्रोण नाकाशी नेऊन म्हणाले, "यात कुणाच्या तरी आईचं दूध आहे!" अहो, यजमानाच्या हातातली पळी पडली! आणि आतून? आतून स्वारी वाळत होती. गरम वरणभातावर तेल सोडायचं आणि डोळे मिटून, तूप समजून गिळायचं!

आणि एक दिवस पायांत मुंग्या यायला लागल्या. झिणझिण, झिणझिण! नावं आठवेनात. जिना चढता दम लागे. कुणी विचारलं तर छाती काढून म्हणायचे, "साधना फळतेय. कुंडलिनी जागी होतेय!"

काकूंनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई पाध्ये, तरुण पोरगी. तिने रक्त तपासलं, कागद बघितला आणि म्हणाली, "काका, ही कुंडलिनी नाही. हे बी-बारा आहे. म्हणजे — नाहीये!"

इंजेक्शनं झाली. मुंग्या कमी झाल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दूध घेत नाही ना? मग बी-बारा रोज कशातून तरी पोटात गेलंच पाहिजे." पुण्याच्या लेकीने, नीरजाने, डबा धाडला. आत पिवळे पिवळे पापुद्रे, कण्यांसारखे. नाव न्यूट्रिशनल यीस्ट. फोनवर म्हणाली, "बाबा, यात दुधाचा थेंब नाही, वरून बी-बारा घातलंय. भाजीवर भुरभुरवा, चव तर अशी लागते —"

"यीस्ट?" त्र्यंबकराव कडाडले. "म्हणजे जीव! बुरशी!"

"बाबा, ते जिवंत नसतं. तापवून निकामी करतात."

"करतात ना? म्हणजे हत्या!"

आता काय बोलायचं? अहो, सकाळी बुडवून खाता तो पाव काय तुमच्या कौतुकाने फुगतो का? पण नाही! डबा फडताळात गेला.

काकू गप्प राहिल्या. मंडळी, बायको गप्प राहिली की नवऱ्याने घाबरावं. हे शास्त्रात नाही, पण आमच्या घरात आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी पिठलं-भाकरी. पहिला घास गेला, त्र्यंबकराव थांबले. दुसरा गेला, डोळे मिटले. तीन वर्षांत जिभेला असं खमंग, भरलेलं काही लागलं नव्हतं! चाटून ताट पुसलं, वर अजून एक वाढ मागितली. आणि मग वीज चमकावी तसा डोक्यात उजेड पडला.

"शालिनी! यात तूप आहे!"

"नाही हो."

"मग चीज! तू माझं व्रत मोडलंस!"

"अहो, ऐका तरी —"

ऐकणार कोण! उठले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि निघाले. कुठे? प्रायश्चित्ताला! तरातरा बाळूच्या गोठ्यात. म्हशीपुढे गुडघे टेकले, हात जोडले, आणि भर दुपारी मोठ्याने, "माते, मी चुकलो! तुझ्या लेकराचा घास मी गिळला! क्षमा कर!"

म्हशीने क्षणभर विचार केला... आणि उपरणं खायला घेतलं.

इकडून हे ओढतायत, तिकडून ती चावतेय. "माते, सोड! माते, सोड!" माता कसली सोडतेय! तोवर काकू डबा घेऊन धावत आल्या. "अहो, तूप नाही, चीज नाही, हे घातलं होतं! लेकीने धाडलेलं! पायांच्या मुंग्या परत येऊ नयेत म्हणून!"

त्र्यंबकराव डब्याकडे बघत राहिले. बाळूची बायको रखमा दारात आली आणि भोळेपणाने म्हणाली, "काकी, आज चहाला लवकर आलात?"

"चहाला?" त्र्यंबकराव वळले.

"व्हय की! तीन वर्षं झाली, काकी रोज दुधाचा चहा आमच्याकडंच घेतात. तुमच्याकडं चालत नाही ना!"

म्हैस आपली चावतेय. काकूंची मान खाली. मग ती वर आली. आवाज चढला नाही. "रेडकाचं हिसकणं तुम्हाला दिसलं हो. फार चांगलं झालं. पण दूध बंद केलंत तेव्हा मला एकदा तरी विचारलंत, शालिनी, तुला काय हवं?"

त्र्यंबकरावांकडे सगळ्या गावासाठी भाषण होतं. बायकोसाठी हा एक प्रश्न नव्हता! अर्धं उपरणं हातात धरून, गुडघ्यांवरचं शेणसुद्धा न झटकता ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी स्वतः भांडं घेऊन बाळूकडे गेले. "पावशेर दूध दे. हिच्यासाठी. पण आधी रेडकाचं पोट भरू दे."

"भरू दे की," बाळू म्हणाला. "उरलं तर देतो, नाहीतर उद्या."

उरलं. त्र्यंबकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. अर्धा शेगडीवर उतू गेला, उरलेला कपात ओतून काकूंपुढे ठेवला. काकूंनी घोट घेतला. "साखर विसरलात."

पण मंडळी, कप रिकामा केला! आणि यांनी आपला कोरा चहा घेतला, दुपारी त्याच पिवळ्या पापुद्र्यांचं पिठलं मागून खाल्लं. दूध आजही घेत नाहीत हो. व्रत मोडलं नाही. मोडलं ते दुसरंच काहीतरी!

हसलात? छान. आता चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी हात वर करा. अरे वा, एवढे! धन्य आहात! आणि तो बिनकांद्याचा, वेगळा, दोनदा चूल पेटवून केलेला स्वयंपाक ज्यांनी स्वतः केला, त्यांनीच हात वर ठेवा...

बघा बघा, पुरुषांच्या बाजूचे सगळे खाली!

तुम्हीही काही सोडलं असेल तर सोडा, आनंदाने सोडा. पोटाला काय कमी पडतंय ते डॉक्टरांना विचारा, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि घरी गेल्यावर आपल्या माणसाला विचारा, 'तुला काय हवं?' विचारून लगेच पेपर उघडू नका! थांबा. उत्तर यायला वेळ लागेल, कारण असं कुणी विचारण्याची त्या माणसाला सवय नाही.

बोला, हरी हरी!