तिसऱ्या मजल्यावरची चिमूटभर मशेरी

न्हाई पटायचं तुमास्नी! लावा पैज, यातला एक शब्द जरी पटला तर ही वेणूबाई मशेरी सोडंल… आन् मशेरी तर मला मेल्याबिगर सुटायची न्हाई, म्हंजे बगा!

शहाण्णव सालची गोष्ट हो. कोपरखैरण्यात ही आमची बिल्डिंग नवी, रंग वला, आन् माणूस? एक न्हाई! घरं घेतली ते समदे मुंबैत, तळमजल्यावर मी एकटी, म्हनून समद्या चाव्या माझ्या कमरंला. वर नुसता वारा. खाडीकडनं यायचा आन् एकेक दार हळूच लोटायचा… जसं आत कोन झोपलंय आन् जागं व्हाया नको. खोटं वाटतंय? वाटू द्या.

तर आले इंग्रज. पाच जण! लंडनहून भीतीचा पिच्चर काढायला, आन् सामान काय, तर एक कॅमेरा आन् एक पांढरी छत्री! नटी एकच, मारिया, चवळीच्या शेंगंवानी पोर. एक लांबड्या डायरेक्टर. बाकीचे काय करायचे त्यांचं त्यांना ठावं. आन् बोलणं इकडचं तिकडं करायला वाशीचा सुधीर. तो म्हनतो, "आजी, स्टोरी अशी हाय. बाई नव्या घरात एकटी ऱ्हाते, तिला समोरच्या खिडकीत म्हातारी दिसते. खरंच हाय का बाईचं डोकं फिरलंय, तेच कळत न्हाई. ती म्हातारी तुमी!"

म्हटलं, "पोरीला सांगितलंय का?"

"छे! साहेबाला भीतीची ॲक्टिंग करनारी नटी परवडत न्हाई, आजी. खरी भीती फुकट मिळते!"

आता मला, माझ्यासारखीला, असलं काम द्यावं का कुनी? मांजराला दुधाची राखण! नुसतं तिसऱ्या मजल्यावर समोरच्या खिडकीत बसायचं होतं. मी काय बसती! तिच्या खोलीत शिरले, फणी उचलून मोरीत ठेवली. वल्या पायानं फरशीवर चालले, मधेच स्टुलावर चढून बसले, पदर कोंबला तोंडात… पावलं निम्म्या खोलीत आली आन् पुढं न्हाईतच! पोर किंचाळली, लांबड्या नाचला, "गुड, गुड!" खोटं वाटतंय? वाटू द्या.

पन तिसऱ्या दिवशी खिडकीत बसून कंटाळले हो. डबी काढली. आता मशेरी काय एकटीनं लावायची चीज हाय? आमच्या साताऱ्याकडं शेजारनीच्या हातावर चिमूट ठेवल्याबिगर बोट दाताला लागत न्हाई. म्हटलं करू गंमत. रिकाम्या खोलीकडं वळले, "घे गं बाय. ये, बस." चिमूट ठेवली खिडकीवर आन् विसरले.

वास्तुशांत न झालेलं घर… तिथं कुनाला 'बस' म्हनू नये हो.

चौथ्या दिवशी मी गेलेच न्हाई! शेजारच्या बोनकोडे गावात आमच्या पुतळाबाईच्या नातवाचं बारसं. पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या, दिवसभर तिथंच. त्या खोलीची चावी कमरंला.

पाचव्या दिवशी बगते तर पोर जिन्यात, ब्याग भरून बसलेली. सुधीर माझ्यावरच, "आजी, काल जास्तीच केलंत! आदी खिडकीत, ते ठीक. पन तिच्या शेजारी येऊन बसलात?"

"कवा रं?"

लांबड्यानं छोट्या टीव्हीवर दाखवलं. खिडकीत बाई. माझ्यासारखंच लुगडं, माझ्यासारखाच अंबाडा… फकस्त कपाळावर हे एवढं कुंकू. माझं पुसून बारा वरसं झाली हो! आन् ती दात घाशीत हुती. सावकाश. एका बोटानं.

मारियानं मूठ उघडली. तळव्यावर काळी चिमूट.

काय तरी पुटपुटली. सुधीर म्हनला, "ती इचारते, ही बाई खरी का माझं डोकं फिरलं? डोकं फिरलं असंल तर आईला काय सांगू?"

बगा आता! खरं सांगावं तर पोर जलमाची गेली. मी काय केलं? हसले! खदाखदा हसले! "अगं येडे, मीच ती! कुंकू मुद्दाम लावलं, मशेरी मीच दिली, लाव की दाताला!" उभ्या जलमात लई थापा मारल्या, गमतीच्या. घाबरून मारलेली ही एकच. पोरीनं दोन गुद्दे घातले मला, मग गळ्यात पडून रडली, मग हसली, ब्याग उघडली. पिच्चर पुरा झाला. खोटं वाटतंय? तिला न्हाई वाटलं, बास.

गेले इंग्रज. मी ऱ्हायले. आता मीच बोलवली, मीच 'बस' म्हटलं, मग 'ऊठ' कुठल्या तोंडानं म्हनू? रोज सकाळी एक चिमूट माझी, एक वर खिडकीवर. सांजच्याला नसती. वाऱ्यानं उडती म्हनता? मग खिडकीवर वल्या बोटाचा ठसा कसा वो? हल्ली तर खाली बी येती, टेकायला. मशेरी दुप्पट लागती… पन शेजारीन हाय, काय करता!

जा आता तुमी. उठा, उठा! तुमी बसलाय ते स्टूल तिचं हाय, आन् मगाधरनं बिचारी तुमच्या पाठीशी उभी हाय.