दादाचा रूट

(माणगावजवळच्या एका गावामागचा कातळकडा. सकाळ. रत्नपाल आणि त्याची धाकटी बहीण मैत्री.)

रत्नपाल : अख्खा कडा पडलाय तुला. चढायला हाच रूट कशाला?

मैत्री : बाकीचे सगळे चढून झालेत, दादा. पुढच्या आठवड्यात कोरियाला स्पर्धा आहे, हातांची सवय तुटायला नको.

रत्नपाल : हा माझा हाय. दोर अडकवायचे बोल्ट कातळात मी ठोकलेत. लई वर्सं झाली, वरचा भाग अजून जमत न्हाय मला.

मैत्री : म्हणून तर विचारतेय. तू नको म्हणालास तर नाही चढणार.

रत्नपाल : नको म्हनलो तर आई म्हनेल, बहिनीवर जळतो.

मैत्री : जळतोस?

रत्नपाल : नाक्यावरचा तुझा बॅनर मीच बांधला, शिडीवर उभा ऱ्हाऊन. खालनं लोक म्हनत व्हते, मैत्रीचा भाऊ हाय तो. माझं नाव कुनाला आठवंना.

मैत्री : मला कातळाला हात लावायला तू शिकवलंस. प्रत्येक मुलाखतीत सांगते मी.

रत्नपाल : त्येच नको सांगत जाऊ. आपन दोघं एकाच साली राज्य स्पर्धेला गेलतो. तू फायनलला, मी पयल्याच फेरीत घरी. तवापास्नं तुला बुटांची कंपनी चढायचे बूट फुकट पाठवते, नि मी हितल्या कंपनीत शिफ्टला जातो.

मैत्री : बूट दिसतात सगळ्यांना. बोटं इतकी सुजतात, कधीकधी वेणीसुद्धा घालता येत नाही मला.

रत्नपाल : तेवढं दुखनं पन मला हवं व्हतं.

मैत्री : मग चढू की नको?

रत्नपाल : बांध दोर. मी धरतो.

मैत्री : चढतेय.

रत्नपाल : चढ. त्या फटीपाशी थांबू नको. उजवा पाय वर, गुडघा आत. तिथनंच मी पडतो.

मैत्री : घेतला पाय. गेले पुढे.

रत्नपाल : एवढ्यात?

मैत्री : शेवटची पकड राहिली. दादा, पडतेय.

रत्नपाल : धरलंय. लागलं का?

मैत्री : नाही. हात घसरला. खाली घे मला. अवघड आहे रे हा, उगाच नाही तुला अडत.

रत्नपाल : घसरला न्हाय. सोडलास.

मैत्री : घाम आला होता हाताला.

रत्नपाल : घसरताना मानूस धडपडतो. तू आधी खाली माझ्याकडं बघितलंस, मंग बोटं उघडलीस.

मैत्री : तुझ्याआधी नव्हता पुरा करायचा मला.

रत्नपाल : मंग चढलीस कशाला?

मैत्री : जमतो का ते बघायचं होतं. जमतोय हे कळलं नि भीती वाटली. तू बोलायचाच बंद होशील माझ्याशी.

रत्नपाल : तू पुढं गेलीस ते सोसतोय मी. माझ्यावर दया केलीस, ते न्हाय सोसवत. आता टेकले ना पाय जमिनीला? बस, पानी पी. मंग तळापास्नं पुन्यांदा चढ.

मैत्री : दादा, राहू दे ना.

रत्नपाल : पी पानी.

मैत्री : ...प्यायले. चढतेय.

रत्नपाल : चढ. खाली बघू नको.

मैत्री : फट गेली.

रत्नपाल : दिसतंय. बोलू नको, श्वास घे.

मैत्री : झालं. वर आहे मी. दादा? बोल ना काहीतरी.

रत्नपाल : झ्याक चढलीस.

मैत्री : खरं सांग.

रत्नपाल : खरं? आतनं लई जळतंय, मैत्री. ये खाली, दोर धरलाय.