साहेबांचं पूर्ण नाव

१९८८ साली बेलापूरच्या एका कचेरीत दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे तळवलीच्या गिरजाबाई होत्या. खिडकीतल्या कारकुनाजवळ नवा कॉम्प्युटर होता.

“मावशी, आज दाखला नाही. नोंदी डेटाबेसमध्ये आहेत आणि कॉम्प्युटर त्याला जोडलाच जात नाही.”

“वायर तुटली काय?”

“वायर चांगली आहे. जोडणी करताना दोन्हीकडे एकच नाव द्यावं लागतं. साहेब म्हणाले, माझं पूर्ण नाव टाका, हुद्द्यासकट. मशीन आठच अक्षरं घेतं.”

“मंग आठ टाका.”

“अर्ध्या नावाने साहेबांचा अपमान होतो. मोठं नाव घेणारं मशीन मागवायची फाईल वर गेलीय.”

“उद्या पोराला पावणे गावच्या कंपनीत बोलावलाय, भाऊ. नव्या शहरात जमीन गेल्याचा दाखला नसंल तर नोकरी दुसऱ्याला देतील.”

“माझ्या हातात काय आहे?”

“सायेब सही कशी करतान?”

“सही? नुसतं ‘र. ग.’ लिहितात.”

“मंग तीच दोन अक्षरा टाका.”

कारकुनाने साहेबांच्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. मग डेटाबेसमध्ये आणि जोडणीत, दोन्हीकडे तीच अक्षरं टाकली.

“लागलं की! पण साहेबांनी विचारलं तर?”

“सांगा, मशीनवर तुमची सही घेतली.”

“मुलाचं नाव सांगा, मावशी. पूर्ण.”