आबांनी ऐकलेला अल्बम

अल्बम सुचवायची माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगणारा प्रोग्रेसिव्ह रॉकचा एक इंग्रजी अल्बम मी अर्ध्या लोणावळ्याला सुचवला. दुसऱ्या गाण्यापुढे कोणी गेलं नाही. परवा जवळच्या औंढे गावाहून दूध घालायला येणाऱ्या आबांच्या कानाला गमतीत हेडफोन लावला. आबा पायरीवर बसले, ते पाऊण तास उठलेच नाहीत.

“आबा, एकच गाणं ऐका म्हटलं होतं!”

“समदं एकच हाय की. मधनंच कसं उठायचं?” मग हळूच म्हणाले, “घर सोडून गेलेला मानूस परत आला, पन घरात कोनीच उरलं न्हाई.”

मी गारच पडलो. गोष्ट अगदी तीच!

“आबा, इंग्रजी कळतं तुम्हाला?”

“न्हाई ओ. सुरवातीची चाल शेवटाला परत आली, पन संगं ढोल न्हवता.”