लावण्याचा बूचोडू

बसा, सगळे बसा. मागं जागा नसेल तर पुढं सतरंजीवर या. पालक आलेत, गल्लीतले शेजारी आलेत, मुलंही आलीत. मी चव्हाणबाई, गणित शिकवते. मुलांनो, वर्गात माझा आवाज कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आज तो तसा लागणार नाही. सांभाळून घ्या.

माने सर गेले. आपले चित्रकलेचे माने सर. शनिवारी सकाळी घरी चहा पिता पिता छातीत कळ आली, आणि संपलंच. त्यांचं हृदयाचं दुखणं जुनं होतं. गोळ्या चालू होत्या. आम्हा शिक्षकांना ते माहीत होतं, मुलांना नव्हतं. म्हणून सगळ्यांसमोर मुद्दाम सांगते. दुखणं जुनं होतं.

मुद्दाम का सांगते? कारण शाळेत भलतंच काहीतरी पसरलंय.

सरांनी यंदा चौथीच्या मुलांकडून मुखवटे करून घेतले. टॉवेलच्या कारखान्यातली पुठ्ठ्याची खोकी, कडेची उरलेली सुतं, जुने कपडे. विषय एकच. तुम्हाला ज्याची भीती वाटते, ते करा. कुणी कुत्रा केला, कुणी इंजेक्शनवाली नर्स. एकानं चष्मा आणि अंबाडा असलेली बाई केली. मी विचारलं, ही कोण हो? सर म्हणाले, "बाई, ते तुमी नका विचारू." हसा, हसलं तरी चालेल. सर तर लई हसले होते.

आणि सरांची एक रीत होती. मुखवटा वाळला की आधी तो ते स्वतः तोंडावर चढवायचे. वर्गात एक फेरी मारायचे. मग ज्याचा मुखवटा, त्याच्यासमोर उभे राहायचे. त्या मुलानं विचारायचं, "सर, काय झालं का?" आतून सर म्हणायचे, "काय बी न्हाय. हितंच हाय की मी." एवढं झालं, की मगच मुखवटा भिंतीवर.

शुक्रवारी शेवटचा मुखवटा लावण्याचा होता. तिच्या घरी तेलुगू बोलतात. तिनं बूचोडू केला होता. बूचोडू म्हणजे आपला बागुलबुवा. काळं तोंड, लाल सुताची जीभ. सरांनी तो घातला, फेरी मारली, आणि एवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. मुलं दप्तरं घेऊन पळाली. लावण्याही पळाली. तिनं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सर गेले.

तिची आई माझ्याकडे आली होती. म्हणाली, "बाई, पोरगी जेवंना. म्हणती, मी इचारलं न्हाय, म्हणून बूचोडूनं सरांना ठेवून घेतलं." वर्गातल्या पोरांनीही तिला तेच ऐकवलंय. आता काही पालक म्हणतात, ते मुखवटे जाळून टाका. विषाची परीक्षा कशाला घ्यायची?

मी त्यांना नावं ठेवणार नाही. काल मी एकटीच चित्रकलेच्या खोलीत गेले होते. त्या भिंतीकडे पाठ करायचं माझं धाडस झालं नाही. दारापर्यंत उलटी चालत आले. मी, गणिताची बाई. तेव्हा भीती काय असते ते मला कुणी शिकवू नका.

पण मला दुसरी भीती त्याहून मोठी वाटते. आपण ते मुखवटे जाळले, तर ही पोर काय समजेल? मोठ्या माणसांनीही कबूल केलं, माझ्यामुळंच सर गेले. हे ओझं ती जन्मभर वागवेल आणि कुणाला सांगणारही नाही. सरांच्या मागं आपण त्यांच्याच मुलीशी असं वागायचं का? हो, त्यांचीच. वर्गातली सगळी त्यांचीच होती.

लावण्या, तू आईच्या पदराआड बसली आहेस. मला दिसतेस. वर बघू नकोस हवं तर, पण ऐक. तुझा बूचोडू मी आणलाय. हा बघा, पिशवीतून काढला. सगळ्यांना दिसू दे.

आता मी तो घालते.

आत अंधार आहे. खळीचा वास येतोय. श्वास जरा कोंडतो. माझी छाती धडधडतेय, ती भीतीनं धडधडतेय.

सगळे उभे राहू या. माने सरांसाठी शांत राहू. मुख्याध्यापकबाई घड्याळ बघतील. वेळ संपली तरी कुणी बसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. पहिला आवाज लावण्याचा. घाई नाही, बाळा. तू विचारीपर्यंत मी हा काढणार नाही.