राखीचं करमणं

चाळीस वर्षांपूर्वी कलाबाई इगतपुरीहून नर्सिंग शिकायला नाशिकच्या याच बसस्थानकावर उतरल्या होत्या. आज सुरगाण्याच्या गाडीची वाट पाहताना शेजारच्या बापलेकीचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. लेक महिन्याभरापूर्वीच इथल्या एका कंपनीत इंटर्न म्हणून लागली होती.

"खोलीला खिडकी हाय का, राखी?"

"आहे ना, बाबा. समोर भिंत आहे."

"मंग झोप लागती?"

"आता लागते. आधी गाड्यांच्या आवाजानं सारखी जाग यायची."

"हापिसात कोणी बोलतं का?"

"दिशा मॅडम रोज शेजारी जेवायला बसवतात. माझी नागलीची भाकरी अर्धी त्याच खातात."

"आय म्हणली, पोरीला करमत नसंल तर घेऊनच या."

"पहिल्या आठवड्यात विचारलं असतं, तर पळत आले असते."

"अन् आता?"

"आता करमतं, बाबा. त्याचंच वाईट वाटतं."

गाडी फलाटाला लागली. कलाबाई उठल्या नाहीत.

"रडू नको, येडे. करमतंय तर करमू दे."

"आईला काय सांगाल?"

"रोज आठवण काढून रडती, म्हणून सांगंन. तिला लय बरं वाटंल."